गेममधलं असं कोणतं गाव, जे तुम्ही फार लवकर सोडलं?

तापीकाठचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

मे महिन्यात जळगावात दुपारी अकरा ते सहा माणसानं काय करावं, हे ज्याचं त्यानं बघायचं. मी यंदा कूलरसमोर बसून जीटीए सॅन अँड्रियास पहिल्यापासून पुन्हा काढला. आधी खेळलो तो २००५-०६ च्या सुमारास, कॉलेजजवळच्या एका नेट कॅफेत, तासाला पंधरा रुपये मोजून. पंधरा रुपये वसूल करायचे म्हणजे वहीत उतरवलेले चीट कोड काढायचे, हेसोयाम मारायचं, रणगाडा उतरवायचा आणि पोलिसांची धूळधाण उडवायची. सीजे या आपल्या नायकाची आई गेली, भाऊ रागावलाय, याच्याशी कुणाला काय देणंघेणं!

यंदा एकही चीट टाकला नाही. लॉस सँटोसमध्ये दगाफटका होतो, भ्रष्ट पोलीस सीजेला गाडीत घालून दूर नेतात आणि एंजल पाइन नावाच्या खेड्यात सोडून देतात. तिथं मी थबकलो. चार लाकडी घरं, एक ट्रेलर पार्क, मागं माउंट चिलियाड. सकाळचं धुकं. समोरून एक ट्रॅक्टर आपल्या चालीनं येत होता. आम्ही रोज यावल रस्त्यावर ज्याच्या मागं अडकून शिव्या घालतो, तसाच. मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला जाऊ दिलं. गेममध्ये! कुणी बघितलं असतं तर हसलं असतं.

आणि हा सगळा ग्रामीण भाग कथेत टिकतो किती? कॅटलिनाबाईंसोबत चार दरोडे, ट्रुथ नावाच्या वल्लीसाठी शेजारच्या शेतातून हार्वेस्टर पळवणं, एक-दोन शर्यती, शेवटी ट्रुथचं गांजाचं पीक पेटवायचं आणि त्याच्या रंगीत खटाऱ्यात बसून सॅन फिएरो गाठायचं. झालं. पुढं गॅरेज, विमानं, कॅसिनो. ब्ल्यूबेरी, डिलिमोर, पॅलोमिनो क्रीक ही गावं नकाशावर तशीच पडून असतात, पण तिकडं जायला फारसं कारण उरत नाही.

तर प्रश्न असा: तुमचं असं गाव कोणतं? आवडती लेव्हल सांगू नका, त्याचे धागे शंभर झालेत. जिथून लवकर निघालात आणि नंतर चुटपुट लागली, ती जागा सांगा. गेमनं हाकललं असेल तरी चालेल, स्वतःच्या घाईनं निघालात तरी चालेल.

---

भुसावळ_जंक्शन

आयजीआय, तो जुना बंदुकीचा गेम. पहिलंच मिशन, ट्रेनयार्ड.

वडील रेल्वेत, बालपण क्वार्टरमध्ये. त्यामुळं २००१ मध्ये भावानं कुठूनतरी सीडी आणली आणि पहिल्याच मिशनला रुळांवर उभे डबे दिसले, तेव्हा मला परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही. गेमचा नायक जोन्स तिथं बंदूक घेऊन, मी मनानं आमच्या यार्डात.

पण त्या मिशनमध्ये मी कधी रमलो नाही, कारण या गेममध्ये मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. चौदा मिशनं, प्रत्येक एका दमात. आणि आमच्याकडं भारनियमन. म्हणजे कॅमेरा बंद केला, टेहळणीवाला टिपला, शिडी उतरलो, शेवटच्या दारापाशी आलो की खट्ट. पंखा हळूहळू थांबायचा तो आवाज मला अजून आठवतो. खालून आई म्हणायची, "गेली का? बरं झालं, दळण घेऊन ये."

म्हणून सवयच लागली: मिशन सुरू झालं की धावायचं. दहा मिनिटांत बाहेर. आजूबाजूला काय आहे, बघायचंच नाही.

बऱ्याच वर्षांनी इन्व्हर्टरच्या भरवशावर खेळलो तेव्हा कुंपणाकडं पाठ केली आणि उलट्या दिशेला चालायला लागलो. डोंगर. पुन्हा डोंगर. अदृश्य भिंत येईल, येईल म्हणत चाललो, ती काही लवकर येईना. मागं वळून बघितलं तर तळ आगपेटीएवढा. नंतर कळलं की बनवणाऱ्या इनरलूप या नॉर्वेच्या कंपनीनं आधी लढाऊ विमानाचा गेम केला होता आणि त्याचंच इंजिन इथं वापरलं. विमानासाठी केलेली जमीन पायी चालणाऱ्याला दिली! तिथं काहीही नाही. एक झुडूप नाही धड. तरी तासभर चाललो.

---

कळण्याची_भाकरी

माझं उत्तर ऐकून हसाल. मारिओ. तोच, पहिला.

अखाजीला आई माहेरी जायची, म्हणजे आम्ही चोपड्याला मामांकडं. बायका झोक्यावर, गाणी चालू, आणि आम्ही सात मावस-मामेभावंडं एका टीव्ही गेमसमोर. पिवळी कॅसेट, वर "९९९९ गेम" असं छापलेलं, आत खरे गेम पंधरा-वीस. रिमोट दोन. नियम एकच: मेला की रिमोट पुढच्याकडं.

आता सात जणांत आपली पाळी परत कधी येणार? म्हणून मोठ्या मामेभावानं शोधलेला रस्ता सगळ्यांनी पाठ केला. १-२ मध्ये (म्हणजे पहिल्या जगाची दुसरी स्टेज) छतावर चढायचं, विटांवरून पळत जायचं, पुढं तीन पाइप. सरळ चौथ्या जगात. मग ४-२ मध्ये लपलेली वेल चढायची, पुन्हा तीन पाइप, सरळ आठव्यात. आठव्यात कुणीही दोन मिनिटांच्या वर जगायचं नाही, पण "मी आठव्यात गेलतो" हे सांगता यायचं.

परिणाम असा की दुसरं, तिसरं, पाचवं, सहावं, सातवं जग मी लहानपणी पाहिलंच नाही. मारिओला पोहता येतं हे मला माहीत नव्हतं हो! पाण्याखालची पहिली स्टेज २-२ ला आहे, आणि आम्ही तिच्या डोक्यावरून उडून जायचो. मागच्या वर्षी मुलाच्या निन्टेंडो स्विचवर तोच गेम सापडला. पाइपात न शिरता सरळ चालत गेले. ३-१ ला रात्र झाली. ६-३ ला सगळं करडं-पांढरं, बर्फ पडल्यासारखं. मुलगा म्हणाला, "मम्मी, वॉर्प घे ना." म्हटलं, गप बस.

ताजा कलम: कॉन्ट्राची धबधब्याची स्टेज. तिथं पडदा वर सरकतो. दोघांपैकी एक भराभर वर चढला की खालचा पडद्याच्या खालच्या कडेला लागून मरतो. माझा भाऊ अमळनेरला प्राध्यापक आहे आता. त्यानं मला त्या धबधब्यात किती वेळा मारलं याचा हिशेब मी अजून ठेवलाय.

---

खान्देशी_स्नायपर

काका-काकू लोकांचा धागा दिसतोय 😄

आमचं उत्तर: पब्जीतलं एरँगल. एखादी जागा नाही, अख्खं बेट. २०२० च्या सप्टेंबरात पब्जी मोबाइलवर बंदी आली, एका रात्रीत सगळं गाव उठलं. मग २०२१ मध्ये बीजीएमआय, म्हणजे पब्जीचाच भारतीय अवतार, आला, २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गायब, २०२३ ला परत. एवढ्या वेळा तर एसटीचा थांबा पण हलत नाही.

आणि तसंही एरँगलमध्ये कोण थांबतं? आठ बाय आठ किलोमीटरचा नकाशा, सगळे उड्या मारणार पोचिंकीवर, नाहीतर मिलिटरी बेसवर. मी एकदा रुसून एकटा झारकीला उतरलो, वायव्येच्या कोपऱ्यात, समुद्राकाठी. चिटपाखरू नाही. घरोघरी फिरलो, एका छतावर बसलो. मग निळा झोन (चहूबाजूंनी आकसत येतो, सापडलात की जीव जातो) आला अन् पळावं लागलं. गाडी नव्हती. वाटेतच गेलो.

---

तापीकाठचा

@कळण्याची_भाकरी ताई, हिशेब व्याजासकट वसूल करा.

@खान्देशी_स्नायपर काका कोणाला म्हणतो रे भो? पण झोनचा मुद्दा बरोबर आहे. बाकीचे गेम गोड बोलून बाहेर काढतात, तुमचा जाळत काढतो.

---

अर्धवट_कोडर

मूळ धुळे, सध्या पुण्यात गेमच्याच धंद्यात (मोबाइलवरचे, साधे, नाव विचारू नका). दुसरी बाजू मांडतो.

हाफ-लाइफ २ घ्या, २००४ चा. त्यात रेव्हनहोम हे एकच प्रकरण आहे. आधीच्या प्रकरणात, ब्लॅक मेसा ईस्टमध्ये, तुमच्या हातात ग्रॅव्हिटी गन (वस्तू ओढून फेकणारी बंदूक) येते आणि डॉग नावाच्या यंत्रमानवाशी चेंडू-चेंडू खेळत ती शिकवली जाते. तिथं एक बंद वाट दिसते. आपली साथीदार अ‍ॅलिक्स सांगते, तिकडं आता आम्ही जात नाही. आणि हल्ला झाला की नेमकं तिकडंच जावं लागतं. गोळ्या जवळजवळ नाहीत. भिंतीत रुतलेली करवतीची चकती ओढायची आणि समोरून येणाऱ्यावर सोडायची. एक वेडसर फादर ग्रिगोरी छपरांवरून बंदूक चालवत, प्रवचन देत तुमच्या पुढं-पुढं. दीड-दोन तासांत खाणीतून बाहेर, ऊन. पुन्हा कधीच नाही.

लोक वीस वर्षं म्हणतायत की अजून हवं होतं. आर्केन स्टुडिओ रेव्हनहोमवर वेगळा भाग करत होता, तो रद्द झाला. मला विचाराल तर ते गाव लहान आहे म्हणूनच लक्षात राहिलंय. चकती फेकण्यात पहिली पन्नास मिनिटं मजा, तिसऱ्या तासाला हमाली.

टायटनफॉल २ मध्ये तर याहून कडक. एका मिशनमध्ये मनगटावर असं यंत्र मिळतं की बटण दाबलं की तीच इमारत जुन्या काळात, पुन्हा दाबलं की आजच्या पडक्या अवस्थेत. धावता-धावता हवेतच काळ बदलायचा: इथं भिंत नाही, तिथं आहे. दुसऱ्या एखाद्यानं यावर चाळीस तासांचा गेम उभा केला असता. यांनी एका मिशनपुरतं दिलं आणि काढून घेतलं. एकाच जागेच्या दोन पूर्ण आवृत्त्या बांधायच्या, दोन्हीकडं शत्रू ठेवायचे, खेळाडू कुठल्याही क्षणी उडी मारणार हे धरून प्रत्येक खोली तपासायची. जे काम खेळाडू अर्ध्या तासात उरकतो, त्यामागं एखाद्या टीमचे महिने जातात. म्हणून छोटं असतं, आणि माझ्या मते तेच योग्य. पोट भरायच्या आत ताट उचललं की चव राहते.

---

धुळ्याचा_धुरंधर

@अर्धवट_कोडर पुण्याला गेल्याचा परिणाम दिसतोय 😂 ताट उचलायचा पाहुणचार आपल्याकडं कधीपासून? भरीत पार्टीला बसलेल्या माणसाला उठू देतात का? वाढणारा हात धरून वाढतो. कथा चालना भो? इतली घाई कसानी शे? (कुठं चाललास, एवढी घाई कसली?)

माझं गाव: रेड डेड रिडेम्प्शन २ चं गुआर्मा. पाचवा चॅप्टर. सेंट डेनिसची बँक लुटताना आपला नायक आर्थर आणि त्याची टोळी फसतात, जहाज बुडतं आणि आर्थर एकदम उष्ण बेटावर. ऊस, ताड, निळं पाणी. आधीचे चार चॅप्टर चिखल, बर्फ, घोडे, आणि मध्येच हे. काही मिशनं झाली की परत, आणि नंतर त्या बेटावर जायचा सरळ रस्ता नाही. लोक ग्लिच शोधून जातात. एवढं सुंदर बेट बांधून कुलूप का लावलं, हे मला कुणी सांगा.

---

नुसता_वाचक

वर्षानुवर्षं नुसता वाचतो, आज राहवलं नाही.

गुआर्मा? भाऊ, मी तर तिथून सुटलो तेव्हा देवाला नारळ फोडला. घोडा नाही, सामान नाही, सारखं पळा आणि गोळ्या झाडा. बेट सुंदर असेल, पण बघायला उसंत कुठं देतो? वेळ कमी मिळाला म्हणजे जागा थोर होत नाही.

त्याच गेममधली खरी लवकर सोडलेली जागा म्हणजे हॉर्सशू ओव्हरलुक, दुसऱ्या चॅप्टरमधला टोळीचा तळ. व्हॅलेंटाइन गावाजवळ, कड्यावर, खाली नदी. संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी, कुणाचं तरी भांडण, कुणी पत्ते खेळतंय. सकाळी उठून लाकडं फोडा, घोड्यांना चारा टाका, पोती उचला. यात गेमला पुढं ढकलणारं काही नाही. पण रोज गेलात तर माणसं रोज वेगळं बोलतात. मिशनांमागं पळणाऱ्याला यातलं निम्मंही ऐकू येत नाही, आणि कथा पुढं सरकली की तळ हलतो. पुढचे तळ आहेत, पण ती हवा नाही. माणसंही कमी होत जातात.

ज्यांनी खेळलाय त्यांना कळेल: टोळीतल्या स्ट्रॉसच्या उधारी-वसुलीचं काम टाळत लोक त्या चॅप्टरमध्ये महिनोन् महिने काढतात. का, ते सांगत नाही. रहस्यभेद होईल.

---

धुळ्याचा_धुरंधर

हॉर्सशूचं मान्य. गुआर्मावर माघार नाही.

---

भुसावळ_जंक्शन

अवांतर: अनचार्टेडचा तो भारतातला भाग कुणी खेळलाय का, लॉस्ट लेगसी? २०१७ चा. त्यात पश्चिम घाट आहे, होयसळांच्या खुणा आहेत, चिखलातून जीप काढायची. चौथा चॅप्टर मोकळा आहे, वाटेल तिकडं गाडी घाला. माझ्या मित्रानं तीन मुख्य ठिकाणं केली आणि निघाला, कडेकपारीतली टोकनं शोधलीच नाहीत. मी त्याला म्हटलं, तू तोरणमाळलाही असाच जातोस: यशवंत तलाव, फोटो, वडापाव, परत.

(पश्चिम घाटाला गेम मिळाला. सातपुड्याचा नंबर कधी, देव जाणे.)

---

वरणबट्टी

माझी जागा अगदी लहान आहे. द लास्ट ऑफ अस, २०१३. सॉल्ट लेक सिटीतले जिराफ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जग बुडालंय, रोगराई, माणसं एकमेकांच्या जिवावर. जोएल आणि एली ही मुलगी देशभर पायपीट करत शेवटच्या शहरात येतात. पडक्या इमारतीत एली अचानक पुढं पळते. धस्स होतं. बघतो तर भिंतीच्या भगदाडातून एक जिराफ पाला खातोय. त्याला हात लावता येतो. मग गच्चीवर जाऊन दोघं कठड्याला टेकतात आणि खाली अख्खा कळप चालत असतो.

इथं गेम काहीही करत नाही. घड्याळ नाही, शत्रू नाही, "पुढं चला" अशी पाटी नाही. तुम्ही स्वतः पाय उचलेपर्यंत दोघं तिथंच उभी. पहिल्यांदा मी वीस सेकंदांत निघालो होतो, वाटलं काहीतरी घडेल म्हणून.

दुसऱ्यांदा खेळताना असाच मे महिना. आई ताकाचा पेला घेऊन आली. एरवी माझ्या खोलीत आली की टीव्हीकडं न बघता "बंद कर ते मारामारीचं" म्हणून जाते. त्या दिवशी थांबली. "हे जिराफ का रे?" म्हटलं हो. "यांना मारायचं असतं?" म्हटलं नाही, नुसतं बघायचं. तर पलंगाच्या काठावर बसली. पदरानं घाम पुसला. एक पिल्लू मागं राहिलं की काय, म्हणून तिनं दोनदा विचारलं. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. ताक कोमट होईपर्यंत आम्ही दोघं जिराफ बघत होतो. मग कुकरची शिट्टी झाली, ती उठून गेली, आणि मग मी जोएलला चालवलं.

---

तापीकाठचा

@वरणबट्टी आता यावर मी काय लिहू. मागं पडलेलं पिल्लू होतं का, एवढं सांगा.

@अर्धवट_कोडर तुमचं पटतं, पण अर्धंच. रेव्हनहोमला एक युक्ती आहे, ती शिळी होते, कबूल. एंजल पाइनला युक्तीच नाही. शिळं काय होणार? आयजीआयचे डोंगर, हॉर्सशूचा तळ, जिराफ, अगदी तो झारकीचा कोपरा, सगळ्यांत हेच दिसतंय मला: काम नसलेल्या जागा. आपण कामाच्या शोधात असतो म्हणून तिथून निघतो.

---

अर्धवट_कोडर

अर्धं पटलं तरी पुष्कळ. नाहीतरी नाव अर्धवटच आहे. पण एक सांगतो: काम नसलेली जागा बांधायलाही तितकाच खर्च येतो, आणि मीटिंगमध्ये पहिली कात्री तिलाच लागते. "खेळाडू इथं काय करणार?" असं विचारतात. "उभा राहील" हे उत्तर अजून कुणी मान्य केलेलं मी पाहिलं नाही.

---

वरणबट्टी

@तापीकाठचा नव्हतं मागं. कळपातच होतं. आईला मी "आलं बघ" असंच सांगितलं होतं.

---

केळीबाग_रावेर

उशिरा लिहितोय, धागा आज दिसला.

आमच्याकडं शेतीची लाइट या आठवड्यात रात्रीची आहे. येण्याची वेळ लिहिलेली असते, पण तिचं लिहिणं तिला वाचता येत नाही बहुतेक. म्हणून मळ्यातल्या खोलीत बाज टाकून बसायचं. लॅपटॉप घरूनच चार्ज करून आणतो. अशा रात्रींत मी हॉलो नाइट पूर्ण केला. पूर्ण म्हणजे दीड वर्षात.

त्यात जमिनीखाली एक शहर आहे, सिटी ऑफ टिअर्स. तिथं कायम पाऊस. जमिनीखाली पाऊस कसा, तर त्याच्या वर एक मोठं तळं आहे, ब्ल्यू लेक, ते झिरपतं. हे गेम कुठं धडपणे सांगत नाही. नंतर कधीतरी तळ्याशी पोचलो तेव्हा माझं मलाच कळलं, आणि मी नकाशा उघडून खाली बोट नेऊन बघितलं. बरोबर डोक्यावर.

पहिल्यांदा शहरात शिरलो तेव्हा एका मोठ्या खिडकीपाशी बाक होता आणि त्यावर क्विरेल बसलेला. प्रवासी आहे तो, वाटेत अधूनमधून भेटतो. बाकावर बसलं की गेम सेव्ह होतो आणि जीव भरतो. माझं सेव्ह झालं, जीव भरला, उठलो, निघालो. पुढं पहारेकरी, लिफ्ट, एक मोठा बॉस. नंतर कधीतरी परत आलो तर बाक रिकामा. तो पाऊस बघत काही बोलत होता, मी अर्धं वाचून बटण दाबलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मृग कोरडा गेला. घडांचं वजन भरेना, विहिरीत मोटार टाकावी तर दहा मिनिटांत हवा ओढायची. त्या जूनमध्ये मी नवा गेम सुरू केला तो केवळ तिथं पोचायला. या वेळी त्याच्या शेजारी बसलो आणि उठलो नाही. हेडफोन लावले. काचेवरून पाणी ओघळतंय, बाहेर उंच मनोरे, शेजारी क्विरेल गप्प. बाहेर मळ्यात एक पान हलत नव्हतं. माझा सालदार डोकावून म्हणाला, "दादा, बिघडलं का ते? हलत नाही काहीच." म्हटलं, पाऊस चालू आहे, बस. तोही बसला थोडा वेळ. म्हणाला, "आवाज खरा वाटतो."

@तापीकाठचा तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहायला बसलो होतो, अजून बरंच आहे. क्विरेलचं शेवटी काय होतं तेही सांगायचं हो

लाइट आली. मोटार लावून येतो.